दोराच्या दुसऱ्या टोकाला

लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण चाकवालीला आपल्या नवऱ्याचा चेहरा जवळून पाहायला फारसा मिळाला नाही. दिवसाचा बराचसा वेळ तो तिच्यापासून लांब लांब जात असायचा, आणि तेही तिच्याकडे तोंड करून. यात रुसव्याफुगव्याचा काही भाग नव्हता. त्यांचा धंदाच तसा होता.

दोर वळणारा माणूस मागे मागे चालतो. कंबरेला वाखाच्या तंतूंचा भारा गुंडाळलेला असतो, चिमटीतून धागे सुटत असतात, आणि एकेक पाऊल न बघता मागे पडत असते. धाग्यांची टोके समोरच्या चाकाच्या आकड्यात अडकवलेली असतात. चाक फिरते तसा पीळ भरत जातो. चालणारा रेंगाळला आणि चाक फिरतच राहिले, तर दोर गाठाळतो. चाक मंदावले आणि चालणारा लांब निघून गेला, तर धागा पिळावाचून तुटतो. म्हणून चालणाऱ्याचा आणि फिरवणाऱ्याचा श्वास एक लागतो. वस्तीच्या कडेला, झाडांच्या दोन रांगांमधून, त्यांची ऐंशी पावलांची सरळ वाट होती. तिला सगळे दोरवाट म्हणत. वाटेच्या एका टोकाला पत्र्याच्या छपराखाली तिचे चाक होते आणि बसायला लाकडाचा ठोकळा होता. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते. तिथे तो पोहोचायचा, एवढेच.

गिऱ्हाईक यायचे ते दोरवाल्याकडे. दोर त्याचा, हात त्याचा, नाव त्याचे. चाक कोण फिरवते हे कुणी विचारत नसे. विचारलेच तर तो म्हणायचा, "आमची ही असते तिकडे." आणि तिच्यापाशी गेले की ती म्हणायची, "लग्न झालं तसा हा माणूस माझ्यापासून लांबच पळतोय. दोर बांधलाय म्हणून सापडतो."

ऐंशी पावलांवर बोललेले ऐकू येत नाही. त्यात चाक कुरकुरत असते. म्हणून दोघे दोरातूनच बोलत. त्याने एक झटका दिला की थांब, दोन दिले की सावकाश. तिची सासू म्हणायची, "या दोघांना भांडायचं झालं तरी आधी धागा जोडावा लागतो." पण झटक्यांपलीकडेही त्या दोरातून पुष्कळ काही येई, आणि ते तो पाठवत नसे. ते आपोआप येई. तिचा उजवा हात चाकाच्या मुठीवर आणि डावा आकड्याजवळच्या धाग्यावर असे. त्या डाव्या हाताला त्याचे पाऊल कळायचे. आज तो जेवून आला आहे की अर्धपोटी, हे चाळिसाव्या पावलाला कळायचे. एकदा त्याने सकाळपासून चकार शब्द काढला नव्हता. दुपारी तो छपराखाली आला तेव्हा तिने विचारले, "कुठली दाढ दुखते, वरची की खालची?"

तो चोरी पकडल्यासारखा बघत राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सकाळपासून सांगताय."

असा हा संसार चालला होता. मुलगी एकच. तिचे लग्न होऊन ती शहरात कापडाच्या दुकानात काम करत होती. दोरवाला सदुसष्ट वर्षांचा झाला तरी मागे चालताना कधी अडखळला नाही. माणूस मात्र हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण आपल्याच घराण्यावरून पडली, असे तो अभिमानाने सांगायचा.

त्याच्या जांघेत दोन वर्षांपासून लिंबाएवढी गाठ होती. ही गोष्ट मात्र दोरातून आली नाही, कारण ती दुखत नव्हती. एका सकाळी भिजलेल्या दोराचे वेटोळे उचलताना ती गाठ बाहेर आली ती आत जाईना. दुपारपर्यंत त्याला उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले. शेजारच्या टेंपोवाल्याने दोघांना रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, आतडे अडकले आहे, आता उशीर करून चालणार नाही. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रिया झाली. आतडे सोडवले, जागा शिवली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. काळजी मिटली." तिने हात जोडले. तिच्या जिवात जीव आला.

पुरुषांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या. दोरवाल्याची खाट दारापासून दुसरी. दाराबाहेर लांब सरळ व्हरांडा होता, भिंतीला हिरवा कठडा, शेवटी खिडकी आणि खिडकीखाली वजनकाटा. चाकवालीने पहिल्यांदा तो व्हरांडा पाहिला तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की साठ पावलांचा दोर इथे सहज वळता येईल.

वॉर्डाची सिस्टर मध्यम वयाची होती. कपड्याला उलटे घड्याळ टाचलेले असायचे, म्हणून सगळे तिला घड्याळवाली सिस्टर म्हणत. ती कमी बोलायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "बाबा, उठा. चालायचं. झोपून राहिलात तर पायात रक्त साकळेल."

मुलगी आली होती. तिने बापाचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला. "मला काय पांगळा समजलीस?" मग सिस्टरने हात पुढे केला. तोही नको. बायकोने काखेत हात घातला, तर वॉर्डातले सात जण बघत होते, म्हणून तो तर मुळीच नको.

"मग कसं चालणार?" सिस्टरने विचारले.

चाकवालीने अंथरुणाच्या वळकटीत आणलेली लांबलचक सुतळी सोडली. घरचीच होती, दोघांनी वळलेली. एक टोक तिने त्याच्या हातात दिले आणि सुतळीचा गुंडा घेऊन ती दाराशी स्टुलावर बसली. तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मागे मागे चालू लागला.

"अहो बाबा, हे काय? पडाल की," सिस्टर धावली.

"पुढं चाललो तर पडेन," तो म्हणाला. "पुढं चालायची सवय फक्त बाजाराला जाण्यापुरती."

बाकी सातही खाटांवर हसू फुटले. टाके दुखतात म्हणून काहींनी पोट धरून हसून घेतले. सिस्टरनेही हट्टापुढे हात टेकले. एका हाताने कठडा धरायचा या अटीवर तिने परवानगी दिली, आणि ती स्वतः त्याच्या पाठीमागे तळहात धरून चालली. तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. हळू गेला, जपून गेला, पण सुतळी चाकवालीच्या मुठीतून सारखी सुटत होती. टाका ओढला की जरा आखडायची, मग पुन्हा सुटायची. तिला बरे वाटले. हा तोच माणूस होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच निघाले. त्याची तब्येत विचारली तर उत्तम. दुखतेय का? नाही. दम लागतो का? छे. चालताना तो पलीकडच्या खाटेवरच्या न्हाव्याशी बोलत होता, की माझी दाढी करशील तर तुला टांगायला दोर देईन, म्हणजे वस्तरा टांगायला. सगळे हसले. सिस्टर त्याच्या मागे होती. तिला काही वेगळे दिसले नाही. मुलगी कौतुकाने बघत होती.

चाकवाली मात्र हसली नाही. तिने मुठीतल्या सुतळीकडे पाहिले.

बाराव्या पावलाला सुतळी ढिली पडली. पाय चालत होते, पण ओढ नव्हती. मग पुन्हा ओढ आली. पुन्हा विसाव्या पावलाला गेली. परत येताना ती सुतळी गुंडाळून घेत होती, तेव्हाही दर आठ-नऊ पावलांना तेच. तो खाटेवर बसला तेव्हा तिने विचारले, "काय होतंय?"

"काही नाही."

"छातीत?"

"अगं, माझं पोट कापलंय. छातीचं काय काढतेस?"

ती मुलीला घेऊन बाहेर आली. "यांचं काहीतरी बिनसलंय. सिस्टरना सांगते."

"आई, तू काय सांगणार त्यांना?" मुलगी म्हणाली. "सुतळी ढिली पडली म्हणून? बाबा हसताहेत, खाताहेत. लोक आपल्याला वेड्यात काढतील."

मुलीचे बोलणे खोटे नव्हते. चाकवाली आयुष्यात कधी शिकल्यासवरल्या माणसापुढे उभी राहून दोन वाक्ये बोलली नव्हती. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, तशी ती नवऱ्याबरोबर जायची. बोलणे त्याचे असायचे. आता बोलायचे तिला होते आणि ज्याच्याविषयी बोलायचे तोच म्हणत होता की काही नाही. तिने सुतळी नीट गुंडाळून मुठीत घेतली. मग सिस्टरच्या टेबलापाशी गेली.

"सिस्टर, ह्यांना बरं नाही."

"काय होतंय त्यांना?"

"त्यांना काही होत नाही. मला कळतंय." तिने सुतळी टेबलावर ठेवली, जणू पुरावाच आणला होता. "काल टाका दुखायचा तेव्हा ते आखडायचे. दुखणारा माणूस आखडतो. आज आखडत नाहीत. आज मधेच विझतात. पाय चालतो नि माणूस नसतो. मी अडतीस वर्षं ह्यांचं टोक धरलंय. असं कधी झालं नाही. ह्यांचा भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा नाही."

मुलगी मागे उभी होती. तिने मान खाली घातली.

सिस्टरने सुतळीकडे पाहिले, मग तिच्याकडे. हसली नाही. "कधीपासून?"

"आज सकाळपासून. बाराव्या पावलापासून."

सिस्टर उठली. तिने दोरवाल्याची नाडी धरली, उलट्या घड्याळात पाहून मोजली, रक्तदाब पाहिला. नाडी थोडी जलद होती, रक्तदाब थोडा खाली. तिने तरुण डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "ऑपरेशननंतर थकवा असतोच. वय पण आहे."

"असतो," सिस्टर म्हणाली. "पण बाईंनी कालचा आणि आजचा फरक सांगितलाय. कालचा माणूस त्यांना माहीत आहे, आपल्याला नाही. ईसीजी काढू आणि हृदयाच्या तपासणीसाठी रक्त पाठवू. काही निघालं नाही तर मला रागवा."

तरुण डॉक्टर चांगल्या घरचे असावेत. त्यांनी वाद घातला नाही.

ईसीजीच्या कागदावर थोडीशी शंका होती, ठाम काही नव्हते. रक्ताचा अहवाल दोन तासांनी आला आणि तरुण डॉक्टर जिने चढून धावत आले. पुन्हा रक्त घेतले. दोरवाला करवादला, "किती पिता रे? वाटणीला भांडणाऱ्या चुलत्याला सुद्धा मी एवढं रक्त पिऊ दिलं नाही." दुसऱ्या अहवालातला आकडा पहिल्यापेक्षा वर गेला होता. त्याला चाकांच्या खाटेवर घालून खालच्या मजल्यावर नेले. तिथे माणसांच्या छातीला तारा जोडलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या उशाशी एक पडदा लुकलुकत होता.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना बाकावर बसवून समजावले. त्या सावकाश बोलल्या, म्हणून चाकवालीला सगळे कळले आणि पुढे आयुष्यभर तिने ते तसेच सांगितले. शस्त्रक्रिया पोटाची असली तरी तिचा ताण सगळ्या अंगावर पडतो. रक्तदाब खालीवर होतो, नाडी धावते, रक्त घट्ट होऊ बघते. अशा वेळी वय झालेल्या हृदयाला रक्त कमी पडले तर त्याच्या स्नायूचा थोडा भाग दुखावतो. दुखावला की एक पदार्थ रक्तात उतरतो. तोच यांच्या रक्तात सापडला.

"पण त्यांना दुखलं नाही ना," मुलगी म्हणाली.

"हेच तर. शस्त्रक्रियेनंतर हृदयाला इजा झालेल्या बहुतेकांना छातीत दुखतच नाही. वेदनेची औषधं चालू असतात, टाक्यांचं दुखणं वेगळं असतं. माणूस म्हणतो मी बरा आहे, खोटं बोलत नसतो. आपण घरी पाठवतो. पहिल्या महिन्यात काही जण परत येतात आणि काही परत यायला उरत नाहीत." त्या थांबल्या. "कळलं तर गोळ्या देता येतात, लक्ष ठेवता येतं. तुम्हाला कळलं कसं?"

चाकवालीने डावा हात पुढे केला. मुलगीच म्हणाली, "माझ्या आईला हाताला कळलं."

चार दिवस तो तारांच्या खोलीत होता. आत फक्त दहा मिनिटे सोडत. चाकवाली बाहेर बाकावर बसून राहायची. भिंत मधे, दार मधे, आणि हातात काही नाही. तिला आठवेना की याआधी कधी तिला असे आंधळे वाटले होते. डावा हात आपोआप मांडीवर चिमूट धरून बसे. मुलीने एकदा तो हात आपल्या हातात घेतला तरी चिमूट सुटेना.

सकाळ संध्याकाळ घड्याळवाली सिस्टर खाली यायची. तिचे काम वरच्या मजल्यावर होते. तरी यायची, आत जाऊन पडदा बघायची आणि बाहेर येऊन सांगायची. "नाडी आता ठिकाणावर." दुसऱ्या दिवशी, "आकडा उतरायला लागला." तिसऱ्या दिवशी, "तुमचे मालक आतल्या सिस्टरना दोर कसा ओळखावा ते शिकवताहेत. म्हणजे बरे आहेत." एवढेच बोलून ती जिना चढून जायची. चाकवाली त्या जिन्याकडे बघत राहायची. देवाला माणसाचे हात लागतात म्हणतात. हे हात कसे असतात ते तिने तेव्हा पाहिले, साबणाने सुकलेले, नखे बारीक कापलेले.

घरी जाताना गोळ्यांची पिशवी मिळाली. एक रक्त पातळ ठेवणारी, एक चरबीची, आणखी एक नाडीसाठी. महिनाभर वजन उचलायचे नाही. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे. गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

आठवडाभर दोरवाल्याने निमूट गोळ्या घेतल्या. नवव्या दिवशी पीळ जागा झाला. तो छपराखाली खाटेवर बसला होता. "मला काही दुखत नाही, खुपत नाही. कशाला या गोळ्या? त्या लोकांना काहीतरी सापडलं, त्यांनी लिहून दिलं."

चाकवालीने भांडण काढले नाही. तिने चाकाच्या आकड्यात वाख अडकवला, दुसरे टोक त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "बसूनच धरा. आता मी चाक फिरवते. तुम्ही डोळे मिटा आणि सांगा, मी दमले की नाही."

ती फिरवत राहिली. तो डोळे मिटून बसला. बराच वेळ गेला.

"नाही दमलीस," तो म्हणाला.

"मला सकाळपासून ताप आहे," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडून तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ खरेच तापले होते. अडतीस वर्षे एकाच दोराला दोघे होते, पण या टोकाला जे कळत होते ते त्या टोकाला कळत नव्हते. चालणाऱ्याचे सगळे लक्ष चिमटीत आणि पावलात असते. त्याला पलीकडचे कळायला सवडच नसते. हे त्याला त्या दिवशी उमगले. त्याने उठून माठातले पाणी तिला आणून दिले, आणि मग त्याच पाण्याने आपली गोळी घेतली.

"सिस्टरला तू काय सांगितलंस तेव्हा?" त्याने विचारले.

"की तुम्ही विझताय."

"आणि तिनं ऐकलं?"

"ऐकलं."

"मी असतो तर ऐकलं नसतं," तो म्हणाला. त्या घराण्यात याहून मोठे आभार कुणी मानल्याचे ऐकिवात नाही. चाकवालीने ते पदरात घेतले.

दोन महिन्यांनी दोघे तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचे चित्र पडद्यावर पाहिले. एक लहानसा भाग मंद चालतो, बाकीचे ठणठणीत, असे त्या म्हणाल्या. काम करायचे, पण निम्म्या वाटेवर, चाळीस पावले. दोरवाल्याने घासाघीस करून पाहिली. "पन्नास?" "चाळीस," त्या म्हणाल्या. त्याने मान्य केले.

मग दोघे वर वॉर्डात गेले. त्यांनी सिस्टरसाठी एक दोर आणला होता, बारीक, मऊ, कपडे वाळत घालायचा. सुट्टीमुळे ती त्या दिवशी नव्हती. टेबलाशी दुसरीच सिस्टर होती. दोरवाल्याचे तोंड पडले. त्याने मनात शब्द जुळवून आणले होते. ते आता ठेवायचे कुठे हे त्याला कळेना. चाकवालीने दोर टेबलावर ठेवला आणि सांगितले, "त्यांना म्हणावं, बारावं पाऊल आता ठीक आहे. त्यांना कळेल."

बाहेर व्हरांड्यात एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचे दोन दिवसांपूर्वी खुब्याचे हाड जोडले होते. ती डबा मांडीवर घेऊन नुसती दाराकडे बघत होती.

"कसे आहेत?" चाकवालीने विचारले.

"बरे आहेत म्हणतात. विचारलं की बरेच असतात." ती थोडी घुटमळली. "पण काल पेपर मोठ्यानं वाचत होते. आज चार ओळी वाचल्या आणि घडी घातली. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून काय सांगायचं कुणाला?"

चाकवाली तिच्याशेजारी बसली. दोरवाला उभाच होता. त्याने घसा खाकरला.

"बाई, मीपण बराच होतो," तो म्हणाला. "हिनं सांगितलं म्हणून उभा आहे. तुम्ही जा. कालच्या किती ओळी आणि आजच्या किती, असं नीट सांगा."

बाईने दोघांकडे पाहिले. डबा बाकावर ठेवला. पदर सारखा केला आणि ती टेबलाच्या दिशेने चालू लागली. चाकवालीने तिचा डबा आपल्याजवळ ओढून घेतला, आणि ती परत येईपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले.